नव्या मावशी येण्याआधी

मूल सांभाळायला नव्या मावशी येणार म्हटलं की घरात सगळी चौकशी त्यांची होते. राहतात कुठे, आधी कुणाकडे होत्या, पगार किती घेतील. ज्या दोन वर्षांच्या जिवाला त्यांच्याबरोबर अख्खा दिवस काढायचा, त्याला कुणी काही सांगत नाही. ‘त्याला काय कळतंय!’ कळतं. बोलता येण्याच्या कितीतरी आधी कळतं.

इंग्लंडमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने हे चित्रफितींत टिपून ठेवलं आहे. १९६९च्या एका चित्रफितीत आई बाळंतपणाला गेलेली असताना १७ महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात राहतो. तिथल्या सांभाळणाऱ्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळीप्रमाणे बदलायच्या. जॉनला हक्काचं माणूस मिळालं नाही. तो खाईना, नुसता रडू लागला. आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडेही जाईना. याच दांपत्याने काही मुलं स्वतःच्या घरीही सांभाळली. आधी ओळख करून घेतली, सवयी विचारून घेतल्या, पांघरूण-खेळणी सोबत येऊ दिली, आईचा विषय टाळला नाही. आईवाचून ती मुलंही कष्टी झाली, पण जॉनसारखी खचली नाहीत.

आपल्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे. सुरुवातीचे काही दिवस आईने किंवा बाबाने घरी थांबावं. आमच्या मावशींनी पहिल्या दिवशी मुलीला घ्यायला हात पुढे केलाच नाही. मेथीची जुडी घेऊन त्या खाली बसल्या आणि निवडत राहिल्या. मुलगी आधी माझ्या ओढणीआड. मग हळूच पुढे येऊन तिने एक काडी उचलली, मावशींच्या परातीत टाकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, ‘आणखी दे.’ एवढीच ओळख. या बाईंना मुलं कळतात, हे मला तिथेच पटलं.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे: मुलाचा डोळा चुकवून निघून जाण्याला. रडणं टळतं ते आपल्यापुरतं. मूल मग आई आंघोळीला गेली तरी दाराशी बसून राहतं, आणि त्याची समजूत काढण्याचं ओझं मावशींवर पडतं.

तेव्हा सांगून निघा. घड्याळ मुलाला कळत नाही, म्हणून ‘जेवलीस, झोपून उठलीस, की मी येते’ असं सांगा. रडू आलं तर रडू द्या. आणि यायला उशीर होणार असेल, तर मावशींना फोन करून तेही मुलाला सांगायला लावा.