शेळीवरचा आळ

कोवळ्या झाडाची साल सोललेली दिसली की मुळशीकडे पहिला संशय शेळीवर जातो. पौडच्या पुढे आमचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. तिथल्या ८ रोपांची साल दिवाळीच्या सुमारास बुंध्याशी गेलेली दिसली, तेव्हा आमचे हे तडक शेजारच्या आजींशी भांडायलाच निघाले. आजींच्या ५ शेळ्या. पण उन्हाळ्यात आमच्या रोपांना हंडाभर पाणी घालणाऱ्याही त्याच! म्हटलं, थांबा, आधी जखम तरी नीट बघू या.

शेळीला कोवळा पाला आधी दिसतो. साल खाल्लीच तर तोंड पोचेल तिथपर्यंत, वेड्यावाकड्या पट्ट्यांत ओरबाडते. आमच्या रोपांचं पानही गेलं नव्हतं. साळिंदर रात्री बुंधा कुरतडतं, पण त्याच्या दातांचे रुंद चर उमटतात. वाळवी असती तर मातीचा पापुद्रा दिसला असता, खोडकिडा असता तर भोकातून भुसा पडला असता. इथे आठही रोपांना जमिनीपासून चार बोटांवर, एकाच उंचीला जखम, आणि भोवतीचं गवत सफाचट! गवत कापायला आलेल्या माणसाच्या मशीनची नायलॉनची दोरी बुंध्यांना लागली होती.

मैत्रिणींनो, पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. साल एका बाजूने गेली तर झाड बहुधा तगतं. पूर्ण वेढाच तुटला की मुळं उपाशी मरतात. पानं मात्र बरेच दिवस हिरवी राहतात, तिथेच फसायला होतं. नखाने हलकेच खरवडावं: आत हिरवं, ओलं असेल तर जीव आहे, तपकिरी, कोरडं असेल तर ती साल गेली.

लोंबती साल धारदार चाकूने साफ केली आणि बोर्डो पेस्ट लावली. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हातमोजे हवेतच, आणि स्वयंपाकाची भांडी मुळीच वापरू नयेत, मोरचूद विषारी असतं. ही पेस्ट गेलेली साल परत आणत नाही हं, बुरशी तेवढी अडवते.

आता बुंध्याभोवती हातभर जागेतलं गवत खुरप्यानेच काढायचं, असं ठरवलंय. शिवाय प्लॅस्टिकच्या पाईपचा तुकडा उभा चिरून प्रत्येक बुंध्याला सैल घातला. काही जण गोणपाट गच्च गुंडाळतात. मुळशीच्या पावसात ते मला पटत नाही. आत ओल राहून साल कुजते. आधाराच्या काठीलाही तार नको, ती सालीत रुतते. जुन्या सुती साडीची पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधावी, आणि खोड जाड होईल तशी सोडून पुन्हा बांधावी.

८ पैकी २ रोपं गेली, एक चिकूचं आणि एक हापूसचं कलम. कलमाला पुढे खालून फुटवा आला, पण तो सांध्याच्या खालचा, म्हणजे रायवळ. हे उपटायलाच निघाले होते. आजींना त्या आळाचा पत्ताही नव्हता. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की! लोणच्याला होतील कैऱ्या."