सेपाराते

पाचवीच्या पहिल्या आठवड्यात हातात चाररेघी वही आली. कडेला दोन लाल रेघा, मध्ये दोन निळ्या. साल 1975, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे ए बी सी डी भेटेपर्यंत बाराखडी, जोडाक्षरं, पाढे सगळं पक्कं झालेलं. कानाला ऐकू येतं तसं लिहायचं आणि लिहिलंय तसं वाचायचं, हे अंगात मुरलेलं होतं. ऱ्हस्वदीर्घाची गडबड व्हायची, पण शब्दात एखादं अक्षर नुसतंच, न बोलता बसून राहतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पहिल्यांदा ते दिसलं नाइफमध्ये. 'के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे चाकू.' सगळा वर्ग एका सुरात, मागेपुढे डुलत. तो 'के' कशाला, असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. फार वर्षांनी वाचनात आलं, की एके काळी इंग्रज माणूस तो 'के' खरोखरच उच्चारायचा. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, पुढच्या काळात स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली आणि बोलणं मात्र पुढं सरकत राहिलं. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी' तर लॅटिनशी असलेलं नातं दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घातला. 'आयलंड'मधला 'एस' चुकीच्या नात्यातून आला. त्या शब्दाचा 'आइल'शी मुळात संबंधच नव्हता. यातली एक गोष्ट जरी त्या वयात कानावर पडली असती, तरी घोकंपट्टीला चव आली असती असं मला आजही वाटतं.

गोष्टी नव्हत्या, म्हणून आम्ही आमच्या परीनं वाट काढली. इंग्रजी शब्द मराठी तोंडानं वाचायचा. वेन्सडे लिहायचा तर मनात म्हणायचं 'वेडनेसडे'. नॉलेजचं 'क्नोवलेडगे', फ्यूचरचं 'फुटुरे'. लांबलचक शब्दांना गोष्टी जोडलेल्या असायच्या. 'असॅसिनेशन'साठी गाढवावर गाढव, त्यावर मी आणि माझ्यामागे राष्ट्र, ही तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. 'टुगेदर' म्हणजे टू गेट हर. वरच्या वर्गातली मुलं हे खालच्यांना द्यायची, जशी गोट्या खेळण्याची युक्ती द्यावी तशी.

या मराठी वाचनात मोठी ताकद होती, हे मला आता कळतं. इंग्रजी बोलताना ज्या अक्षरावर जोर नाही त्याचा स्वर पुसट होऊन जातो. तो 'ए' होता की 'ई', कानाला पत्ता लागत नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही नेमके तिथंच चुकतात. आम्ही मात्र प्रत्येक अक्षराला बोलायला लावत होतो. 'नेसेस्सारी' असं मनात म्हणणाऱ्याचा 'सी' एक आणि 'एस' दोन, हे चुकणं अवघडच.

संध्याकाळी परीक्षा घ्यायची आई. ती मराठी चौथी शिकलेली, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. चुलीपुढं भाकऱ्या थापायची, शेजारी कंदील, त्याच्या उजेडात माझं पुस्तक उघडं. मी पाठमोरा बसून पाटीवर दहा शब्द लिहायचो आणि पाटी तिच्यापुढं धरायचो. पिठाचा हात पदराला पुसून ती एका बोटानं पुस्तकातला शब्द धरायची, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या पाटीवर. मग दोन्ही बोटं एकदम सरकायची, एकेका आकारावरून. वाचत नव्हती ती, ताडून पाहत होती. कुठंतरी बोट थांबायचं. 'याचं पोट इकडं आहे, तुझं तिकडं आलंय.' असे माझे 'बी' आणि 'डी' तिनं सरळ केले. कधी म्हणायची, 'इथं काहीतरी कमी पडतंय, परत बघ.' काय कमी पडतंय हे तिला सांगता यायचं नाही. पुस्तक ती पदराखाली घ्यायची आणि मी डोळे मिटून शब्द पुन्हा जुळवायचो. तव्यावरची भाकरी उलटून होईपर्यंत वेळ असायचा. तेवढ्यात आठवलेला शब्द परत कधी गेला नाही.

शाळेत शनिवारी सकाळी डिक्टेशन. वहीचं पान उभं मुडपायचं, एक ते दहा आकडे घालायचे. सर शब्द दोनदा म्हणायचे, तिसऱ्यांदा नाही. मग वह्या शेजाऱ्याशी बदलायच्या आणि चुकलेला शब्द पाच वेळा लिहून आणायचा. इथवर छान होतं. पण पाचापेक्षा जास्त चुकले की छडी असायची. माझ्या बाकावरचा मुलगा गणितात सगळ्यांच्या पुढं होता; शनिवार आला की त्याचं पोट दुखायचं. इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि नववीनंतर शाळा सोडून शेतात गेला. त्या छडीचं समर्थन मी कधी करणार नाही.

राज्यात जून 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं आणि इंग्रजी शाळाही वाढत गेल्या. पुण्यात राहणारी माझी नात चौथीत आहे. ती फोनिक्सनं शिकली. अक्षराचं नाव मागाहून, आधी आवाज. 'श', 'इ', 'प' असे आवाज जोडून ती शिप वाचते. पाच वर्षांची असताना ती दुकानांच्या पाट्या धडाधड वाचायची तेव्हा मी थक्क झालो होतो. आम्हाला आठवीतही ते जमत नव्हतं. अमेरिकेतल्या नॅशनल स्पेलिंग बीचे व्हिडिओ ती आवडीनं बघते. 1925 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत 1985 साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला मुलगा जिंकला आणि नंतर कितीतरी जिंकले. तिथं स्पर्धकाला शब्दाची मूळ भाषा विचारता येते. माझी नातही हल्ली विचारते, 'आजोबा, हा शब्द कुठून आला?' आम्ही न विचारलेला प्रश्न ती विचारते, याचा मला खूप आनंद आहे.

पण तिच्या हातात टॅबही आहे. तिथं ती चार अक्षरं टाकते, वरच्या पट्टीत शब्द तयार उभा असतो, ती बोट लावते आणि पुढं जाते. चूक झाली होती हे तिला समजतही नाही. तिच्या डोळ्यांदेखत चुकीचं बरोबर झालेलं असतं. कागदावर मात्र तोच शब्द तसाच चुकतो, दर वेळी त्याच जागी. 'सेड'मध्ये 'एआय' येतं हे तिनं शंभरदा पाहिलंय, आठवून एकदाही काढलेलं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोगातून दाखवलं, की मजकूर पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा त्यावर स्वतःची परीक्षा घेतली तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. चुलीपुढं आमचं तेच चाललं होतं.

मी टॅब काढून घेतला नाही. आपोआप होणारी दुरुस्ती आणि ती पट्टी बंद केली, लाल नागमोडी रेघ तेवढी राहू दिली. वर्ड 95 पासून आपल्या ओळखीची झालेली ती रेघ मला फार आवडते. शब्दावर बोट ठेवून ती 'इथं परत बघ' एवढंच म्हणते.

परवा नातीनं 'सेपरेट' लिहिला. खाली लाल रेघ आली. तिनं 'पी' दोन केले, रेघ तशीच. एक काढला, शेवटचा 'ई' काढून पाहिला. माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. ती आवाज करून बघू लागली, 'से... प... रेट', पण मधला आवाज काही केल्या सापडेना.

'मराठीत वाच,' मी म्हटलं. 'सेपाराते.'

'से-पा-रा-ते?' ती खुदकन हसली, मग गप्प झाली. मधला 'ई' खोडून तिथं 'ए' घातला आणि रेघ गेली. 'आजोबा, दुसरा सांगा,' असं म्हणत तिनं टॅब बाजूला ठेवला आणि वहीचं पान मुडपायला घेतलं.