डुलता स्टोव्ह

गेल्या नाताळच्या सुटीत एका स्नेह्यांच्या लहानशा शिडाच्या होडीतून मालवणच्या किनाऱ्याने प्रवास करण्याचा योग आला. स्वयंपाकाचे काम मी आपण होऊन पत्करिले. स्टोव्ह रॉकेलचा, १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसच्या जातीचा होता. स्नेही म्हणाले, "सिलिंडरचा गॅस हवेहून जड. गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने घात होतो. रॉकेलचा बर्नर आधी स्पिरिटने तापवावा लागतो खरा. पण तेवढा त्रास पुरवला."

तो स्टोव्ह दोन खुंट्यांवर टांगलेला असून सारखा डुलत असे. हा दोषच होय असे समजून, स्नेही सुकाणूवर गुंतले असता मी तो दोरीने फळीस घट्ट बांधिला. थोड्याच वेळात वाऱ्याने होडी कलली, पातेले घसरले आणि भाताचे उकळते आधण त्यांच्या धाकट्या मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडले. मूल वाचले, ही देवाची कृपा.

स्नेह्यांनी एक शब्दही न बोलता दोरी सोडली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, डुलत होती ती होडी. खुंट्यांच्या खाली भार असल्यामुळे स्टोव्ह मात्र सपाटच राहत होता. मीच त्याला होडीशी जखडून तिच्याबरोबर कलावयास लाविले होते.

विद्यार्थीमित्रहो, चंचल समजून तुमच्यापैकी कित्येकांना मी अशीच दोरी बांधिली असेल. यापुढे बांधण्यापूर्वी, 'हे असे का?' एवढे तरी विचारीन.