गरम पाणी, थंड हवा

हिवाळ्यात नाशिककडची पहाट अंगावर येते. फज्रच्या वुजूसाठी अम्मी नळाखाली हात धरत, तेव्हा त्यांची सुजलेली बोटे पाहून आमचाच जीव तुटे. जुना गिझर बंद पडला, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले की या वेळी हीट पंप घ्यायचा.

हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो; हे हवेतली उष्णता घेऊन पाण्याला देते. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. मात्र उष्णता काढून घेतलेली हवा गार होऊन बाहेर पडते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊन निथळते. हे आम्ही वाचले होते. त्याचा अर्थ नंतर कळला.

टाकीसह यंत्र जिन्याखालच्या खोलीत बसले. प्लंबरने थंड पाण्याची लाइन टाकीच्या तळाशी जोडली, गरम पाण्याची वरून काढली. गरम पाणी मागे फिरू नये म्हणून थंड लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडताना पाहून मदतनीस म्हणाला, "बूच मारू का?" प्लंबरने त्याला झापले. पाणी तापले की फुगते, त्याला वाट हवीच.

अम्मींच्या नळापर्यंतचा पाइप आधी गच्चीवरून १६ मीटर जाणार होता. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते. म्हणजे गरम पाणी येईपर्यंत ४ लिटर वाया! प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, ते पाऊण लिटरही भरत नाही. आम्ही भिंत फोडून पाइप सरळ नेला. ६ मीटरमध्ये काम झाले. वर फोम चढवला. सुरुवातीचे गार पाणी आता बादलीत धरून झाडांना घालतो.

पाण्याचा एवढा विचार केला, हवेचा मात्र केला नाही. बंद खोलीत यंत्र स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढू लागले आणि पाणी तापायला फार वेळ लागू लागला. म्हणून सहा इंची दोन डक्ट जोडले. एक अंगणातून हवा घेणारा, दुसरा शेजारच्या बोळात सोडणारा. पहाटे पाणी कढत मिळावे म्हणून यंत्र रात्रभर चालू ठेवले. अम्मी दुआ देत होत्या, आम्ही खूश होतो.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू दारात आल्या. म्हणाल्या, "सांगू की नको असं झालं होतं. पण तुमच्या त्या नळकांड्यातून गार वारा थेट आमच्या खिडकीवर येतो. यांचा खोकला रात्रभर थांबत नाही."

काकांना दमा आहे, हे आम्हाला माहीत होते. जाऊन पाहिले. बोळ जेमतेम चार फुटांचा, आणि समोरच्या खिडकीशीच काकांची खाट. निथळलेल्या पाण्याची नळीही तिथेच सोडलेली. त्यांची पायरी ओली. माफी मागताना शब्द सापडेनात.

त्याच दिवशी यंत्र बंद केले. गार हवेचा डक्ट गच्चीवर नेला. लांबीला मर्यादा असते आणि प्रत्येक वळण लांबीतच धरायचे असते, म्हणून वळणे दोनच ठेवली. डक्टला घाम सुटून पाणी गळू नये यासाठी त्यालाही वेष्टन घातले. पाण्याची नळी आमच्याच गटाराला जोडली. आणि टायमर लावला दुपारी १ ते ४. दुपारची हवा उबदार असल्याने यंत्राला श्रम कमी, आणि टाकीतले पाणी फज्रपर्यंत गरम राहते. रात्री आता बोळात चिडीचूप असते.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आम्ही किती बयान ऐकले, मुलांना किती वेळा सांगितले! यंत्र घेताना मात्र किंमत विचारली, विजेचे युनिट मोजले, अम्मींचे सुख पाहिले. फक्त भिंतीपलीकडे जाऊन, त्या खिडकीत एकदा उभे राहून पाहिले नाही. अल्लाह आम्हाला माफ करो. काकूंनी तर त्याच दिवशी केले.