काठावरचा दोर

स्पर्धेचे निकाल छापून येतात तेव्हा दोर घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव त्यात नसते. पहिला कोण आला, कुठल्या देशाचा, किती सेकंदांनी जिंकला, एवढेच आपल्याला कळते. पण केरळमधल्या कोडंचेरीजवळ, जुलैच्या पावसात नदीकाठी उभी होते तेव्हा माझी नजर राहून राहून त्याच्याकडेच जात होती. पाण्यातून वर आलेल्या एका खडकावर तो पाय रोवून उभा होता. अंगात लाईफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट, हातात लाल कापडी पिशवी. पिशवीत वीसेक मीटर दोर, पाण्यावर तरंगणारा, फेकला की गुंता न होता सुटत जाईल असा भरलेला. त्याचे एक टोक मुठीत. वरून कयाक, एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, यायची, त्याच्या समोरच्या उतारावरून कोसळायची, फेसात दिसेनाशी व्हायची, पुन्हा वर येऊन निघून जायची. सगळा मामला तीन-चार सेकंदांचा. लोक टाळ्या वाजवायचे. तो टाळ्या वाजवत नव्हता, कारण पुढची कयाक वरच्या वळणावर दिसू लागलेली असायची.

ही स्पर्धा मलबार रिव्हर फेस्टिव्हलमधली; हा महोत्सव २०१३ मध्ये सुरू झाला. कोविडच्या काळात खंड पडला, पण आता जुलैत देशोदेशीचे कयाकपटू कोझिकोड जिल्ह्याच्या या डोंगराळ कोपऱ्यात पुन्हा येऊ लागले आहेत. चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या स्पर्धेच्या दोन नद्या. पहिली दुसरीला मिळते, दुसरी चालियारला, आणि चालियार बेपूरपाशी समुद्राला. हाही सह्याद्रीच. आपल्याकडचे बेसॉल्टचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे इथे नाहीत; इथला खडक त्याहून कितीतरी जुना, कठीण, पाण्याने घासून गुळगुळीत केलेला. दोन हजार मीटरहून उंच शिखरे आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. एवढ्याशा अंतरात नदीला सगळी उंची उतरून जायचे असते. उन्हाळ्यात या नद्या गुडघाभर पाण्याच्या, मुलांनी डुंबावे अशा. पावसाळ्यात डोंगरावर तासभर पाऊस कोसळला की खाली पाणी बघता बघता चढते. रबराच्या आणि सुपारीच्या बागांतून छत्र्या घेऊन माणसे येतात, आजीबाईंपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, आणि दिवसभर काठावर उभी राहतात. जिंकणाऱ्यांना ‘रॅपिड राजा’ आणि ‘रॅपिड राणी’ असे किताब मिळतात. ते मला फार आवडले. नदीकाठच्या जत्रेला शोभणारे आहेत.

हा जिवाशी खेळ आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. मलाही वाटत होते. पण आधी पुलिक्कयम इथल्या काठावर आणि नंतर एलंतुकडवू इथे अंतिम शर्यतीच्या ठिकाणी जे पाहिले त्यात उतावीळपणा कुठेच नव्हता. कयाकपटू पाण्यात उतरण्याआधी काठाने चालत जातात. प्रत्येक धबाबा उताराच्या वर थांबतात, खाली वाकतात, हाताने हवेत रेघा काढतात. पाण्यात एखादे पान किंवा काडी टाकतात आणि ती कुठून कुठे जाते ते पाहत राहतात. एक मुलगी एका उतारापाशी बराच वेळ बसली होती. पाऊस अंगावर झेलत, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. मग उठली, कयाक खांद्यावर घेतली आणि काठाकाठाने चालत तो उतार ओलांडून गेली. खाली शांत पाण्यात कयाक ठेवून तिने सराव पुढे चालू केला. कोणी हसले नाही, कोणी कारण विचारले नाही. तिच्या मागून आलेल्या दोघांनी तो उतार सहज पार केला, तेव्हाही तिने मान वळवून पाहिले नाही. त्या दिवसात मी पाहिलेली सर्वांत धीराची गोष्ट मला तीच वाटते.

पाणी वाचता येते, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखे आहे. प्रवाहात खालच्या दिशेने निमुळता होत गेलेला गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे पाणी खोल, वाट मोकळी. टोक वरच्या दिशेला असेल तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे, वरच्या दिशेला फिरते, तो आडोसा. तिथे शिरून कयाक थांबवता येते, दम घेता येतो, पुढचे पाहता येते. उतारावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन वर उसळते आणि पुन्हा उताराकडे ओढ घेते. त्या ओढीत सापडलेली वस्तू तिथल्या तिथे गरगरत राहते. म्हणून कडेवर पोचताच ते वल्ह्याचा एकच जोरकस फटका मारून कयाकचे नाक उचलतात, म्हणजे ती फेसात न घुसता त्याच्यापलीकडे सपाट पडते. फेस पांढरा दिसतो तो त्यात हवा असते म्हणून, आणि हवेने भरलेले पाणी माणसाला नीट तरंगू देत नाही. यातली सर्वांत कपटी जागा मात्र निसर्गाने केलेली नसते. नदीत आडवा घातलेला सरळसोट ठेंगणा बंधारा बाहेरून निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी पाण्याची उलटी ओढ या काठापासून त्या काठापर्यंत सलग असते. कुठूनही निसटायला फट नाही. निष्णात कयाकपटूही तिथे उतरून चालतात.

आणखी एक गोष्ट तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. वाहत्या पाण्यात पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांच्या फटीत अडकतो, आणि पाण्याचा लोंढा पाठीवर बसून माणसाला दाबून टाकतो. कमरेएवढ्या पाण्यातही असे मरण येते. पाठीवर निजा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेवा, दोर आला तर तो छातीशी धरा, हाताला गुंडाळू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मघाशी ज्या पाण्यात उभे राहता येत होते तिथे आता का राहता येत नाही, त्याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

जगात अशा स्पर्धा अनेक ठिकाणी होतात आणि प्रत्येक नदीचे वेळापत्रक वेगळे. ऑस्ट्रियात टिरोलमधल्या ओएट्झ गावाजवळ वेलरब्रुके नावाच्या उतारांवर २००८ पासून अनेक वर्षे सिकलाइन ही स्पर्धा झाली. तिथली नदी हिमनद्यांच्या पाण्यावर चालते. उन्हाळ्यात बर्फ वितळत असताना तिच्यात उतरणे म्हणजे वेडेपणा, म्हणून शर्यत ऑक्टोबरात, थंडीने वितळणे मंदावल्यावर. न्यूझीलंडचा सॅम सटन तिथे तीन वेळा जिंकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस पहिल्यांदा आले: चौघे एकदम उंच फळीवरून पाण्यात उडी घेतात आणि एकमेकांना धक्के देत पुढे जातात. न्यूझीलंडच्या फिन बुचरने आणि ऑस्ट्रेलियाच्या नोएमी फॉक्सने सुवर्ण जिंकले. बघायला बहार आली, पण ते पाणी पंपाने चढवलेले, कळ दाबली की थांबणारे. डोंगरातल्या नदीला कळ नसते, आणि माझा जीव तिथेच गुंतला.

फ्रान्सच्या नूरिया न्यूमनचा विचार मी बरेचदा करते. २०१८ साली ती लडाखात एकटी उतरली. त्सराप, झंस्कार आणि सिंधू, सात दिवसांत पावणेचारशे किलोमीटर, सोबत कोणी नाही. त्सरापच्या घळीत ती बुडता बुडता वाचली. पुढे २०२१ मध्ये इक्वेडोरमध्ये शंभर फुटांहून उंच धबधबा कयाकमधून उतरणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि त्याची बातमी जगभर झाली. पण मला अस्वस्थ करते ती लडाखची घळ. एवढे कसब असलेली बाई, आणि काठावर दोर घेऊन कोणी नाही. तिच्या धैर्याविषयी मला शंका नाही. तरी मनाने कौल द्यायचा म्हटला तर तो मी त्या लाल पिशवीला देईन.

इरुवंजिपुळेला दोराची उणीव ठाऊक आहे. स्पर्धेच्या जागेच्या बऱ्याच खाली, मुक्कम गावाजवळ, १९८२ च्या जुलैत भर पुरात एक नाव उलटली. बी. पी. मोइदीन त्या नावेत होते. त्यांनी एकामागून एकाला काठाकडे काढले आणि शेवटी स्वतः वाहून गेले. त्यांची आयुष्यभर वाट पाहिलेल्या कांचनमाला त्यांच्या नावाने आजही मुक्कमला सामाजिक काम चालवतात. या दोघांवर ‘एन्नु निन्टे मोइदीन’ हा मल्याळम चित्रपट २०१५ मध्ये आला आणि केरळात घराघरांत पोचला. स्पर्धेच्या गर्दीत चहा पिताना माझ्या शेजारच्या काकांनी ही गोष्ट मला हातवारे करून सांगितली, नदीचा खालचा भाग बोटाने दाखवत. त्यांच्या लेखी ती कालची गोष्ट होती.

२०२४ चा महोत्सव जुलैच्या २५ ते २८ तारखांना झाला. ३० जुलैच्या पहाटे, इथल्याच वेळ्ळरिमला डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर डोंगर कोसळून आला. अडीचशेहून अधिक माणसे गेली. कित्येकांचे देह पुन्नापुळा नदीतून चालियारमध्ये वाहत आले आणि खाली निलंबूरच्या बाजूला सापडले. त्याच चालियारमध्ये, जिला पुढे इरुवंजिपुळा मिळते. चूरलमलाचा पूल वाहून गेला होता. माणसे दोरावरून अलीकडे आणली गेली, आणि मग सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १९० फुटांचा बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला. त्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके आपल्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. गढूळ लोंढ्याच्या वर, लोखंडी सांगाड्यावर त्या उभ्या आहेत, असा त्यांचा एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. कोसळलेल्या डोंगरापुढे कसलेच कसब चालत नाही, हे मान्य. पण डोंगर थांबल्यावर जे वाचू शकतात, त्यांच्यापर्यंत पोचायला कोणाला तरी पाणी ओलांडता यावे लागते.

त्याच पावसाळ्यात, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध ती एकमेकांना घट्ट धरून उभी होती, पाणी चढत होते आणि काठावरचे लोक हतबल होऊन पाहत होते. त्या प्रसंगाची चित्रफीत मला पुन्हा पाहवली नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधब्यांच्या ठिकाणी मनाईचे आदेश निघाले. आदेश हवेतच. पण मला सलते ते वेगळे आहे. पाणी चढू लागते तेव्हा ते आधी सांगते. स्वच्छ धार गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज खर्जात उतरतो. त्या मिनिट-दोन मिनिटांत बाहेर पडायचे असते. नदीकाठच्या भोई-कोळ्यांना, घाटातल्या कातकऱ्यांना हे कळते. शनिवार-रविवारी गाड्या काढून ताम्हिणीला आणि माळशेजला जाणाऱ्या आम्हा शहरी माणसांना ते कोणी शिकवलेले नाही. दर पावसाळ्यात आपण भिजायला जातो आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात त्याच बातम्या वाचतो.

कोडंचेरीला काठावर एक कोवळा मुलगा होता, तिथलाच, अजून मिसरूड न फुटलेला. परदेशी कयाकपटूंकडून तो दोर फेकायला शिकला होता आणि आता गावातल्या बारक्या पोरांना शिकवत होता. नारळाच्या झावळीचा तुकडा एक जण पाण्यात सोडायचा आणि दुसऱ्याने पिशवी फेकायची. झावळीच्या अंगावर नाही, किंचित पलीकडे, म्हणजे दोर तिच्यावरून आडवा पडेल. आधी ओरडायचे, मग फेकायचे, कारण बुडणाऱ्याला दोर येतोय हे कळले पाहिजे. पहिल्या काही खेपांना दोर भलतीकडेच पडला, पोरे खिदळली. दुपारपर्यंत त्यातली निम्मी तरी नेमकी फेकू लागली होती. एका परकरातल्या चिमुरडीचा नेम इतका पक्का होता की मोठी मुले तिला पुढे करत होती.

आपल्याकडे हे कुंडलिकेकाठी कोलाडला करता येईल, असे मला तेव्हापासून वाटते आहे. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि तिथून कुंडलिकेत सुटते. त्या धरणासाठी गेलेल्या जमिनींकरता सेनापती बापटांच्या मागे मावळे सत्याग्रहाला उभे राहिले होते. ती किंमत विसरून या पाण्याविषयी बोलू नये. पण पाणी आज येते आहे, ठरल्या वेळी येते, आणि त्यावर वर्षानुवर्षे राफ्टिंग चालले आहे. तिथल्या स्थानिक तरुणांना पाणी वाचता येते, दोर फेकता येतो. रायगडच्या आणि पुण्याच्या शाळा सहली काढतात तेव्हा पोरांना राफ्टमध्ये बसवून फोटो काढून परत आणतात. त्याऐवजी अर्धा दिवस काठावर काढावा. सातवी-आठवीच्या मुलांना खडकामागचा आडोसा दाखवावा, बंधाऱ्याखालची ओढ लांबून दाखवावी, शांत पाण्यात पाठीवर तरंगायला लावावे आणि प्रत्येकाच्या हातात एकदा तरी दोराची पिशवी द्यावी. खर्च फारसा नाही. शिकवणारे तिथे आहेत, नदी तिथे आहे, आणि पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आत एखाद्या मुख्याध्यापकाने नुसता फोन उचलायचा आहे.