गुहागर ते नवगाव, चुलीच्या वाटेने

गुहागरहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की पाऊण तास गेला नाही तोच एखादी खाडी आडवी येते, आणि मला हा रस्ता त्यासाठीच आवडतो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, वेसवीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा, मग मुरूड आणि रेवदंडा मागे टाकत अलिबागजवळचं नवगाव. निघायचं ते अनेक चित्पावनांच्या कुलदैवताच्या, व्याडेश्वराच्या गावातून; पोचायचं तिथे, जिथे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, बेने इस्राएलांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं सांगतात. दोन्हीकडच्या कथा थक्क व्हावं इतक्या सारख्या आहेत. चित्पावनांच्या एका कथेत समुद्राने टाकलेली चौदा प्रेतं परशुराम जिवंत करतो. नवगावच्या कथेत सात जोडपी वाचतात आणि बुडालेल्यांना तिथेच मूठमाती मिळते. यावरून दोघांचं मूळ एक मानणारेही आहेत. मला ते पटत नाही. चौदाचा आकडा जुळल्याने रक्त जुळत नाही, आणि समुद्रकाठी येण्याची कथा समुद्रातूनच यायची. बेने इस्राएलांचं यहुदीपण ठरवायचं तर गलबत सोडून त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवावं.

कारण शतकानुशतकं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत बांधलं ते 1796 साली, अलिबागचं 1848 सालचं. त्याआधी ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, हिब्रूतली ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी पाठ. तरी त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. मटणाच्या जेवणात दूध-दही नसायचं, नवीन वर्षाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. उपासाच्या मोठ्या दिवशी, दारफाळणीला, पांढरे कपडे घालून माणसं घराची दारं लावून बसत. डिसेंबर 2013 मध्ये बर्फाने जेरुसलेमचे रस्ते अडले, तेव्हा तिथल्या कुटुंबांना एखादा शनिवारचा शब्बाथ प्रार्थनामंदिराऐवजी घरातच पाळावा लागला. कोकणात ही अडचण पिढ्यान्‌पिढ्यांची होती. यहुदी धर्मातला बराचसा भाग मुळात घरच्या टेबलाभोवतीच बेतलेला असल्यामुळे तो निभावला, असं मला वाटतं.

यावर आक्षेप येतो तो असा, की यहुदी धर्म त्यांना बाहेरून शिकवला गेला. कोचीनचे शिक्षक आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण दिलं, 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी, हग्गादा, मराठीसह छापली गेली. हे सगळं खरं आहे. पण कोचीनच्या डेव्हिड रहाबीची त्यांच्यातच सांगितली जाणारी गोष्ट पाहा. त्याने परीक्षा म्हणून बायकांपुढे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले-पर नसलेले बाजूला काढले. कोकणात मुशी, कोळंबी, तिसऱ्या सोडणं म्हणजे लहान त्याग नव्हे! गोष्ट ऐतिहासिक असो वा नसो, शिकवणारा येण्याआधी विटाळ कुठला हे चुलीपाशी ठाऊक होतं, असं ही माणसं स्वतःबद्दल मानतात. शिक्षकाने दिली अक्षरं. नियम त्याच्या आधीचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मंगळसूत्र, मेंदी, मलिदा हे सगळं शेजाऱ्यांकडून घेतलेलं, मग यात यहुदी ते काय? मलिद्याचंच घ्या. नाव दर्ग्यावरचं, पोहे आणि ओलं खोबरं कोकणातलं. पण ताट मांडून स्मरण करायचं ते एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं, आणि प्रत्येक फळावरचा आशीर्वाद हिब्रूतून. उसनं सामान चालतं, कुणापुढे मांडतो ते बदललं नाही म्हणजे झालं. ज्यांच्याकडे वंशाच्या कागदांखेरीज दुसरा पुरावाच चालत नव्हता, त्यांच्यापुढे मात्र हे टिकलं नाही: 1962 साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आजी-पणजीपर्यंतची चौकशी लावली. लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, आणि 1964 साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं. आता बहुतेक घरं तिकडेच आहेत, अश्दोदला, दिमोनाला. रेवदंड्याच्या मंदिरात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं कठीण. अश्दोदच्या ओट्यावर मात्र मलिद्याचे पोहे भिजतात, आणि त्यांत पडणाऱ्या खोबऱ्यासाठी नारळ आयात करावा लागतो.