सुताचा नंबर आणि दुकानाचा शब्द

सोलापूरला आलेला पाहुणा परतताना बहुधा एखादी चादर घेऊनच निघतो. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या चादरीची दुकाने त्याला कोणीही दाखवतो; परंतु चादरीची सुरुवात जेथून होते, ते सुताचे दुकान त्याच्या वाटेत येत नाही. ते पाहायचे तर शहराच्या पूर्व भागात जावे. तेथे गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि त्या आवाजातच मराठी, तेलुगू, कन्नड, गुजराती अशा भाषांतून व्यवहार ठरत असतात.

या गावाला सूत नवे नाही. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी पहिली कापडगिरणी येथे १८७७ मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आधी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर शहराला नाव मिळवून दिले. १८८२ मध्ये येथेच जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या घराण्याचा व्यवसायही कापसाचा व सावकारीचा. मोठ्या गिरण्यांचे भोंगे कालांतराने थांबले. मागांना सूत पुरवणाऱ्या दुकानांचे काम मात्र चालूच राहिले.

दुकानात आलेला जाणता विणकर भावाआधी धागा पाहतो. कोनावरून हातभर सूत ओढतो, पीळ उलगडतो, ताण देऊन तोडतो. तरीही सुताचा नंबर डोळ्यांना नेमका कळत नाही. ८४० वारांची एक लड. अशा २० लडींचे वजन एक पौंड भरले, तर ते सूत २० नंबरचे. नंबर वाढेल तसा धागा बारीक. आता २० च्या नावाखाली १८ नंबरचे सूत दिले गेले, तर काट्यावर वजन चोख भरते. पण पौंडामागे १,६८० वार धागा कमी येतो. दुकानात ही तूट दिसत नाही. ती उघड होते ती मागावर, सूत अपुरे पडले म्हणजे.

घरी विणकाम करणाऱ्या भगिनींचा अनुभवही असाच. क्रोशाचे तोरण अर्धे झाल्यावर दोरा संपतो. त्याच कंपनीचा, त्याच क्रमांकाचा लाल दोरा आणला, तरी तो रंगाईच्या दुसऱ्या लॉटमधला असेल तर उजेडात सांधा उठून दिसतो आणि कित्येक दुपारींचे श्रम उसवावे लागतात. दोष विणणारीचा नसतो. ‘लागेल तेवढा दोरा एकाच लॉटमधून घ्या’, एवढे एक वाक्य विकताना राहून गेलेले असते.

म्हणूनच सुताच्या दुकानाची खरी परीक्षा तक्रार घेऊन परत आलेल्या गिऱ्हाइकासमोर होते. एखादा दुकानदार ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवतो. दुसरा गिऱ्हाइकादेखत लड मोजून काट्यावर ठेवतो, चूक निघाल्यास कोन बदलून देतो आणि पुढच्या बिलापासून लॉट क्रमांक लिहू लागतो. पहिल्याचे त्या दिवशीचे नुकसान टळते. दुसऱ्याचे गिऱ्हाईक टिकते. या धंद्यात उधारी आलीच: सूत आज, पैसे कापड विकल्यावर. दुकानदार विणकराच्या शब्दावर माल सोडतो, विणकर दुकानदाराच्या नंबरावर माग चालवतो. एका बाजूचा विश्वास तुटला की दुसरी बाजूही ढिली पडते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना मापात कमी-अधिक करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे यांचा उल्लेख येतो. सुताच्या दुकानात त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बिलावर लिहिलेला नंबर आणि कोनावरचा धागा एकच असला, की विणकर घरी जाऊन निश्चिंत मनाने मागावर ताणा चढवतो.